बदलते लंगडणे, परतणारा ताप: एका जर्मन शेफर्डच्या हृदयाच्या झडपेचे प्रकरण

रुग्ण: शेरू. जर्मन शेफर्ड, नर, वय ६ वर्षे, वजन ३४ किलो, नसबंदी झालेली नाही. राहणे नाशिकच्या मखमलाबाद बाजूला, द्राक्षबागेला लागून असलेल्या घरात. लसी वेळेवर झालेल्या. गोचिडांचे औषध उन्हाळ्यात दिले जाई, पावसाळ्यात सुटले होते. पुढच्या दोन्ही पंजांच्या बोटांमध्ये वर्षभर अधूनमधून पुळ्या उठत. मलम लावले की बसत, महिन्याभराने पुन्हा येत. पुळ्यांची ही माहिती पहिल्या दोन भेटींच्या कागदांवर नाही. तापाशी तिचा काही संबंध असेल असे घरच्यांना वाटण्याचे कारण नव्हते, आणि त्यांना कुणी विचारलेही नव्हते.

पहिले अठरा दिवस

सप्टेंबर सरता सरता शेरूने खाणे सोडले. ताप १०४.४ अंश फॅरनहाइट, कानामागे आणि मानेवर गोचीड, प्लेटलेट ८८,०००. रॅपिड किटवर एर्लिकिया (गोचिडांतून येणाऱ्या तापाचा जिवाणू) पॉझिटिव्ह. आपल्या भागात या चार गोष्टी एकत्र दिसल्या की 'टिक फिव्हर' हे निदान आपोआप होते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक ३०० मिग्रॅ रोज आणि तीन दिवस मेलॉक्सिकॅम हे ताप-वेदनेचे औषध सुरू झाले. दोन दिवसांत ताप उतरला.

घोळ इथेच झाला. हे किट अँटिबॉडी दाखवते. कुत्र्याला कधीतरी एर्लिकियाची लागण झाली होती एवढेच त्यातून कळते; आजचा ताप त्याचाच आहे हे कळत नाही. रक्तात जिवाणू फिरत असतील तरीही प्लेटलेट कमी होतात. मेलॉक्सिकॅमने कुठल्याही कारणाचा ताप उतरतो, आणि डॉक्सिसायक्लिन स्टॅफिलोकोकस या कातडीवरच्या जंतूलाही काही प्रमाणात दाबून ठेवते. त्यामुळे औषधाला मिळालेला प्रतिसाद हा निदानाचा पुरावा धरता येत नाही.

दहाव्या दिवशी डावा पुढचा पाय लंगडू लागला, बाराव्या दिवशी तो सुधारला आणि उजवा मागचा धरला. घरच्या काकूंनी हे नेमक्या शब्दांत सांगितले होते: "डॉक्टर, हा पाय बदलून बदलून लंगडतोय हो." मनगटाचे आणि घोट्याचे सांधे गरम, सुजलेले होते. सांधे रोगप्रतिकारशक्तीमुळे सुजले असावेत असे धरून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ३० मिग्रॅ रोज सुरू झाले. चार दिवस शेरू अगदी टवटवीत होता. सहाव्या दिवशी ताप १०३.८ वर आला, चालताना दम लागू लागला आणि लघवी गडद झाली.

सांधे रोगप्रतिकारशक्तीमुळेच सुजले होते, हा तर्क खरा होता. पण ती शक्ती ज्याच्यावर चवताळली होती तो जंतू हृदयाच्या झडपेवर बसलेला होता, आणि स्टेरॉइडने त्याला मोकळे रान मिळाले.

तपासणी

नाडी मिनिटाला १५२, श्वास ३२, हिरड्या किंचित फिकट. डाव्या बाजूला, कोपराच्या टोकाशी, बरगड्यांच्या पाचव्या फटीत मर्मर, म्हणजे हृदयाचा जास्तीचा आवाज, ऐकू आला, दर्जा ३/६. हृदयाचा पहिला आवाज पुसट होऊन त्याच्या जागी फुस्स असा लांबट आवाज येत होता. लसीकरणाच्या जुन्या कार्डावर 'हृदयाचे आवाज सामान्य' अशी मार्च महिन्यातली नोंद होती. ती एक ओळ या प्रकरणात फार मोलाची ठरली, कारण मर्मर नवा आहे हे तिच्यामुळेच ठामपणे म्हणता आले. मोठ्या जातीचा, मध्यम वयाचा नर, नवा मर्मर, परतणारा ताप आणि पाय बदलत लंगडणे, एवढ्यावर झडपेचा जंतुसंसर्ग यादीत पहिला येतो.

धापणाऱ्या कुत्र्याचा मर्मर हातातून सहज निसटतो. तोंड काही सेकंद हलकेच मिटून धरावे, पंखा बंद करावा, डावा पुढचा पाय पुढे ओढून स्टेथोस्कोप काखेत खोल सरकवावा. जांघेतली नाडी त्याच वेळी दुसऱ्या हाताने बघावी. ती उसळून लगेच कोसळत असेल तर महाधमनीच्या झडपेचा संशय घ्यावा, आणि डाव्या बाजूला वर, चौथ्या फटीपाशी, दोन ठोक्यांच्या मधला मऊ आवाज शोधावा. शेरूची नाडी तशी नव्हती.

रक्तात पांढऱ्या पेशी २९,४००, प्लेटलेट ७४,०००, अल्ब्युमिन (रक्तातले मुख्य प्रथिन) २.१, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) १.८, सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन (शरीरातला दाह दाखवणारा आकडा) १४८. लघवीत प्रथिने आणि क्रिएटिनिनचे गुणोत्तर ३.१, सोबत थोड्या लाल पेशी. गुणोत्तर ०.५ च्या वर गेले की ते असामान्य, ३.१ म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्या गळत आहेत. उजव्या मनगटाच्या सांध्यातून काढलेले पाणी पातळ आणि गढूळ होते. पेशी १८,००० आणि त्यातल्या ८८ टक्के न्यूट्रोफिल (दाहात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी), जंतू एकही नाही. निरोगी सांध्यात पेशी ३,००० च्या आत आणि न्यूट्रोफिल अगदी थोडे असतात.

कल्चरच्या बाटल्या

कल्चर म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणे. या आजारात सगळ्यात जास्त चुका रक्त घेण्याच्या अर्ध्या तासात होतात, म्हणून हे सविस्तर.

शेरू डॉक्सिसायक्लिनवर होता. आदर्श म्हणजे अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वीच रक्त घेणे. ती वेळ निघून गेली होती. कुत्रा स्थिर असता तर दोन दिवस औषध थांबवून मग रक्त घेतले असते. इथे तेवढी सवड नव्हती. त्यामुळे पुढचा डोस न देता, जुना डोस शरीरात सर्वांत कमी उरलेला असताना, ४० मिनिटांच्या अंतराने तीन वेगवेगळ्या शिरांतून प्रत्येकी १० मिली रक्त घेतले: मानेची डावी शीर, मानेची उजवी शीर आणि मागच्या पायाची शीर. ३४ किलोच्या कुत्र्याला ३० मिली रक्त गेल्याने काही होत नाही. बाटलीत दोन-तीन मिली रक्त घातले तर मात्र कल्चर निगेटिव्ह येण्याची शक्यता खूप वाढते.

केस पूर्ण काढावेत. क्लोरहेक्सिडिनने तीनदा घासावे, मग स्पिरिट, आणि ते वाळू द्यावे. निर्जंतुक हातमोजे घालावेत; पुसल्यानंतर शीर चाचपायची वेळ आली तर मोजे घातलेल्या बोटानेच. बाटलीचे रबरी बूचही स्पिरिटने पुसून वाळवावे. सलाइनच्या आधीच लावलेल्या कॅथेटरमधून कल्चरचे रक्त कधीही घेऊ नये. भरलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही. प्रत्येक बाटलीवर शीर आणि वेळ लिहावी.

शहरात ही बाटली बहुधा माणसांच्या लॅबला जाते, त्यामुळे अर्जावर 'कुत्रा' असे ठळक लिहावे आणि दोन गोष्टी बोलून ठेवाव्यात. एक, बाटली किमान सात दिवस ठेवावी. दुसरी जास्त महत्त्वाची: कुत्र्याच्या अंगावरचा स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस माणसांच्या लॅबमध्ये 'ऑरियस' म्हणून निघू शकतो. दोघांची मेथिसिलिन-प्रतिरोधाची (पेनिसिलिनसारख्या औषधांना दाद न देण्याची) चाचणी सारखी नाही. ऑरियससाठी सेफॉक्सिटिनची चकती चालते. स्यूडइंटरमीडियसमध्ये ती फसवते, तिथे ऑक्सासिलिनच वापरावे लागते. हे सांगितले नाही तर प्रतिरोधक जंतू 'संवेदनशील' म्हणून छापून येऊ शकतो.

शेरूच्या तीनही बाटल्यांत स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस वाढला, ऑक्सासिलिनला संवेदनशील. हा जंतू कुत्र्याच्या कातडीवर राहतोच. एकाच बाटलीत आला असता तर सुईबरोबर कातडीवरून आला असे म्हणावे लागले असते. तीन वेगळ्या शिरांतून तोच आल्यावर तो वाद मिटला. पंजातल्या पुळीतूनही तोच निघाला.

टूडी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) मिट्रल झडपेच्या, म्हणजे डावे अलिंद आणि डावे निलय यांमधल्या झडपेच्या, पुढच्या पाकळीवर, अलिंदाच्या बाजूला, ९ × ६ मिमीचा खडबडीत गोळा होता आणि तो पाकळीपेक्षा वेगळ्या लयीत फडफडत होता. म्हाताऱ्या कुत्र्यांत झडप जाड होते ती गुळगुळीत, गाठीसारखी. हे तसे नव्हते. डावे अलिंद महाधमनीच्या १.६ पट. पोटाच्या सोनोग्राफीत प्लीहेत एक आणि डाव्या मूत्रपिंडात एक पाचरीच्या आकाराचा डाग दिसला. झडपेवरून सुटलेल्या तुकड्यांनी तिथला रक्तपुरवठा तोडला होता, आणि बाहेरून त्याचे गडद लघवीखेरीज काहीही लक्षण नव्हते. इको आणि कल्चर हे दोन मुख्य निकष पूर्ण झाल्याने निदान पक्के धरले.

औषधाची निवड

प्रेडनिसोलोन त्याच दिवशी बंद. सहाच दिवस झाले असल्याने हळूहळू कमी करण्याची गरज नव्हती. मेलॉक्सिकॅमही पुन्हा द्यायचे नाही असे ठरले.

कल्चरचा निकाल येईपर्यंत अँटिबायोटिकची जोडी: ॲम्पिसिलिन-सल्बॅक्टम ३० मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे सुमारे १ ग्रॅम, दर आठ तासांनी शिरेतून. सोबत एन्रोफ्लॉक्सासिन १० मिग्रॅ प्रति किलो, ३४० मिग्रॅ, दिवसातून एकदा. एन्रोफ्लॉक्सासिन नॉर्मल सलाइनमध्ये पातळ करून अर्ध्या तासात सोडायचे. कॅल्शियम असलेल्या रिंगर लॅक्टेटच्या नळीत ते मिसळू नये.

अमिकासिन हे अँटिबायोटिक इथे जाणूनबुजून टाळले. पुस्तकी जोडी म्हणून ती चांगली आहे, पण क्रिएटिनिन वर होते, गाळण्या गळत होत्या, आणि मिट्रल झडप अशी असताना आज ना उद्या फ्युरोसेमाइड (लघवी वाढवून अंगातले पाणी काढणारे औषध) लागणार हे दिसत होते. अमिकासिनवर फ्युरोसेमाइड पडले की मूत्रपिंड आणि कान दोन्ही धोक्यात येतात. पाचव्या दिवशी अहवाल आल्यावर दोन्ही औषधे थांबवून सेफाझोलिन १ ग्रॅम दर आठ तासांनी शिरेतून सुरू केले. संवेदनशील स्टॅफिलोकोकसवर ते पुरेसे आणि मूत्रपिंडाला तुलनेने सौम्य.

दर आठ तासांनी म्हणजे दिवसातून तीनदा सुई, तीही १४ दिवस. रात्रीचा डोस हीच मोठी अडचण असते. शेवटचे चार दिवस घरच्या मोठ्या मुलाला शिकवून रात्री ११ चा डोस घरी दिला गेला: ग्रॅमभर पावडर १० मिली निर्जंतुक पाण्यात, चार-पाच मिनिटांत हळूहळू, आधी आणि नंतर ५ मिली सलाइन. कॅथेटर दर ७२ तासांनी बदलले. शिरेवर लाली, दुखणे किंवा दोरीसारखा कडकपणा दिसला तर त्याआधीच. झडपेवर जंतू असलेल्या कुत्र्यात घाणेरडे कॅथेटर म्हणजे आगीत तेल.

ताप उतरल्यानंतर

तिसऱ्या दिवशी ताप १०२ वर, म्हणजे कुत्र्याच्या नेहमीच्या तापमानावर, आला, शेरूने भात आणि चिकन खाल्ले, घरात सगळ्यांना हायसे वाटले. जंतू मरू लागले की मालकांना आणि कधी कधी डॉक्टरांनाही सुटल्यासारखे वाटते. पण झडपेवरचा गोळा फायब्रिन, प्लेटलेट आणि जंतूंचा असतो. जंतू मेले तरी गोळा लगेच जात नाही. उपचाराचे पहिले दोन आठवडे तुकडे सुटण्याचे असतात. पाकळीचा नाशही ताप उतरल्यावर थांबतोच असे नाही. म्हणून ताप गेल्यावर आमच्या लेखी निगराणी वाढवायची असते. दर चार तासांनी चारही पंजे हाताने चाचपणे, जांघेतल्या दोन्ही नाड्या, झोपेतला श्वास आणि लघवीचा रंग, एवढे तक्त्यावर रोज होते.

सहाव्या दिवशी सकाळी शेरू उठून दहा पावले चालला आणि किंचाळून बसला. डावा मागचा पाय ओढत होता. मणक्याचा आजार समजून घोटाळा होण्याची हीच जागा. डाव्या जांघेत नाडी लागली नाही. पंजाची गादी उजव्यापेक्षा स्पष्ट थंड होती, नखांचा बुडखा निळसर आणि पोटरी दगडासारखी घट्ट व दुखरी. ग्लुकोमीटरवर पुढच्या पायाच्या रक्तात साखर ९६, डाव्या मागच्या पायात ५८. रक्त अडलेल्या पायातली साखर वापरली जाते आणि नवी येत नाही, म्हणून हा फरक पडतो. डॉप्लर (रक्ताचा प्रवाह टिपणारे यंत्र) नसेल तिथे ही दोन थेंबांची तपासणी फार उपयोगी आहे.

पहिले काम वेदना थांबवणे: ब्यूप्रेनॉर्फिन ०.०१५ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे सुमारे ०.५ मिग्रॅ, दर आठ तासांनी. पाय मऊ अंथरुणावर, पांघरुणात. गरम पाण्याची पिशवी नाही. रक्त नसलेली कातडी उष्णता वाहून नेऊ शकत नाही आणि भाजते. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे इंजेक्शन) दिले नाही. ही साधी गुठळी नव्हे, तिच्यात जंतू आहेत, आणि असाच तुकडा मेंदूत गेलेला असेल तर हेपॅरिनमुळे तिथे रक्तस्राव होऊ शकतो. प्लेटलेट १,४२,००० झाल्या होत्या, म्हणून क्लोपिडोग्रेल या प्लेटलेट चिकटू न देणाऱ्या औषधाची ७५ मिग्रॅची एक गोळी रोज सुरू केली. त्याने कुत्र्यांत या आजारातल्या गुठळ्या टळतात याचा पक्का पुरावा नाही, हे घरच्यांना तसेच सांगितले. दोन दिवसांत आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांनी काम उचलले आणि नाडी बारीक लागू लागली. पंजा तीन आठवडे उलटा पडत राहिला. दोन गाद्यांची कातडी काळी पडून सुटली. ती रोजच्या कोरड्या ड्रेसिंगने भरली.

नवव्या दिवशी रात्री झोपेतला श्वास २२ वरून ४६ वर गेला. पहाटे छातीत बारीक चरचर, एक्स-रेत हृदयामागे पांढुरकी छाया, इकोत गळती वाढलेली आणि अलिंद २.१ पट. पाकळीची कड झिजली होती. शिवाय मूत्रपिंडासाठी दिवसाला ४० मिली प्रति किलो सलाइन चालू होते. खराब मिट्रल झडपेला तेवढे पाणीही जड जाते. ते त्याच क्षणी बंद केले. फ्युरोसेमाइड २ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे ६८ मिग्रॅ, १० मिग्रॅ प्रति मिलीच्या इंजेक्शनचे ६.८ मिली शिरेतून. तासाने निम्मा डोस पुन्हा. ऑक्सिजन. पिमोबेंडन (हृदयाला जोर देणारे औषध) १० मिग्रॅ दर बारा तासांनी, खाण्याच्या तासभर आधी. सहा तासांत श्वास ३४. क्रिएटिनिन २.३ झाले आणि ते आम्ही चालवून घेतले. फुप्फुसात पाणी असताना श्वास आधी, मूत्रपिंड नंतर. शेरूला मुंबईला, परळच्या प्राण्यांच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचे का हा प्रश्न त्याच सकाळी आला. कसारा घाटातून गाडीत चार-पाच तास काढण्याच्या अवस्थेत तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी ईसीजीवर निलयातून उठणाऱ्या ठोक्यांची माळ, मिनिटाला १८० च्या वर. आधी पोटॅशियम पाहिले: ३.२. ते कमी असेल तर असे ठोके शांत करणारे लिग्नोकेन नीट चालत नाही. लिग्नोकेन २ टक्के, ३.४ मिली हळू शिरेतून. कुपी दोनदा वाचावी: ॲड्रेनलिन मिसळलेली कुपी शेजारीच ठेवलेली असते आणि इथे ती जीवघेणी ठरते. पोटॅशियम तोंडावाटे दिले, माळ थांबली आणि परत आली नाही.

घरी आणि पुढे

पंधराव्या दिवशी शेरू कायमचा घरी गेला तो सेफॅलेक्सिन १ ग्रॅम दर आठ तासांनी आणखी सहा आठवडे, पिमोबेंडन, फ्युरोसेमाइड ६० मिग्रॅ दिवसातून दोनदा आणि क्लोपिडोग्रेल एवढ्या गोळ्या घेऊन. क्रिएटिनिन १.७ वर टिकल्यावर प्रथिनांच्या गळतीसाठी बेनाझेप्रिल हे औषध १५ मिग्रॅ रोज जोडले. भिंतीवरच्या कॅलेंडरात घरच्यांनी रोज तीन आकडे लिहिले: सकाळचा ताप, संध्याकाळचा ताप, गाढ झोपेत मिनिटाला श्वास. श्वास सलग दोनदा ३० च्या वर गेला तर तपासणीची वाट न पाहता फोन करायचा, हे ठरले होते. तो दोनदा करावा लागला. एकदा घरच्या पापडातल्या मिठाने निमित्त दिले होते.

सांधे स्टेरॉइडशिवाय, नुसत्या अँटिबायोटिकवर, तिसऱ्या आठवड्यापर्यंत शांत झाले. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन चौदाव्या दिवशी २२, सहाव्या आठवड्यात ८. अँटिबायोटिक थांबवल्यानंतर दोन आठवड्यांनी पुन्हा दोन बाटल्या रक्त घेतले. काही वाढले नाही. गोळा ४ मिमीचा, कडक आणि चमकदार उरला आहे, फडफडत नाही. गळती आहे, अलिंद १.९ पट, लघवीचे गुणोत्तर ०.९. हृदयाची औषधे आयुष्यभर चालतील. महाधमनीची झडप असती तर इतके दिवसही मिळण्याची आशा फार कमी असते, हे घरच्यांना पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितले होते.

पंजांच्या पुळ्यांसाठी आठवड्यातून दोनदा क्लोरहेक्सिडिनचे धुणे, पुळी फुटली तर मलमाआधी स्वॅब. गोचिडांचे औषध बारा महिने. दात साफ करायचे झाले किंवा कुठलीही चिरफाड झाली तर आधी अँटिबायोटिकचे कवच द्यावे, आणि स्टेरॉइड विचारल्याशिवाय देऊ नये, हे दोन्ही लसीकरणाच्या कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून दिले आहे. पुढचा इको तीन महिन्यांनी.